राणी-स्वाराची पेटी

वनजाला राग येतो असं लष्कर मोहल्ल्यात कुणी म्हणत नाही. वनजाला राग असतो, असं म्हणतात. कुणाला दमा असतो, कुणाला साखर असते, तसा.

म्हैसूरहून वरुणाकडच्या खेड्यांना जाणाऱ्या सरकारी बसवर ती कंडक्टर आहे. साडीवर खाकी कोट, खांद्याला कातडी पिशवी, दातांत शिट्टी. दारात लोंबकळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना ती कन्नडात विचारते, "आत ये की रे, दारात बापानं सीट राखून ठेवलीय काय तुझ्या?" आणि पोरं निमूट आत येतात. दुधाचे कॅन, उसाच्या कांड्या, कोंबड्या, बाळंतिणी, सगळं तिच्या एका आवाजावर जागेला लागतं. घरी मात्र हा आवाज कामाचा नव्हता. घरी तिला एक गोष्ट हवी होती आणि तीस वर्षं होत आली तरी ती मिळाली नव्हती.

त्या गोष्टीआधी पेटीचं सांगायला हवं.

तिचा नवरा शंभूराव. त्यांचे खापरपणजे म्हणे म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात स्वार होते. घोडी गेली, तलवार कुणी विकून खाल्ली, जीन माळ्यावर कुजलं. राहिल्या त्या फक्त मिशा आणि राणी-स्वाराची पेटी. शिसवी लाकडाची, वीतभर लांब, झाकणाला बारीक जाळी कोरलेली. घरात नवी सून आली की तिच्या पहिल्या श्रावणात जालीच्या झाडावरून दोन सोनपाखरं आणायची. इकडं बाभळीला जालीच म्हणतात आणि सोनपाखराला जीरजिंबे. घोडदळाचं घर मात्र म्हणतं राणी आणि स्वार. हिरवं पाखरू ती राणी. तिची पाठ पाचूसारखी झळझळीत, पण गुळगुळीत नव्हे. तीवर टाचणीनं टोचावेत तसे खड्डे, आणि खड्ड्याखड्ड्यात पांढुरकी भुकटी, जशी हिरव्या खणावर बुट्टी. तांबूस पाखरू तो स्वार. घासून काढलेल्या चिंचोक्यासारखी त्याची पाठ, कुठं डाग नाही, बुट्टी नाही; मान तेवढी हिरवी-निळी चमकते, जणू राणीनं गळ्यात रुमाल बांधून लढाईला धाडलंय. दोघांना पेटीत घालून, जालीचा पाला देऊन पेटी देवापाशी ठेवायची. सुनेची आई येऊन एकदा पाला बदलून जायची. मग गौरीच्या जेवणादिवशी मोहल्ल्यातल्या बायकांसमोर सासूनं झाकण उघडायचं. तळाला अंडी दिसली की सून फळणार.

वनजा सरगूरची. आई लहानपणीच गेलेली, मामानं वाढवलेली. तिच्या श्रावणात मामी आली, पाला घालून, जेवून, संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. गौरीला सासूनं, जयलक्ष्मीबाईंनी, झाकण उघडलं. राणी उताणी मरून पडली होती. स्वार जाळीला चिकटून बसला होता. तळाला पाल्याच्या काड्या, बाकी काही नाही.

जयलक्ष्मीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पेटी मिटली आणि बायकांना पान वाढायला सांगितलं. बोलल्या असत्या तर वनजा भांडली तरी असती.

पुढं वर्षं गेली, कूस भरली नाही. वनजा एकटी जाऊन बाईडॉक्टरला दाखवून आली. डॉक्टरीणबाई म्हणाली, तुझ्यात मला काही खोट दिसत नाही, आता यजमानांना घेऊन ये. शंभूराव तेव्हा कडकोळच्या कारखान्यात स्टोअरला होते. डबा उघडता उघडता म्हणाले, "मला कशाला? पेटीनं सांगितलंय की."

संपलं. त्या एका वाक्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षं पाय पसरून झोप काढली. वनजानं परत विचारलं, रडून विचारलं, भांडून विचारलं. मग विचारायचं सोडलं. हवं असायचं काही सुटलं नाही. मूल तिनं मनातून कधीच खाली उतरवलं होतं. तिला एवढंच पाहिजे होतं की या माणसानं एकदा, फक्त एकदा, डॉक्टरच्या दारात उभं राहावं. खोट कुणाची ते कळू दे नाहीतर न कळू दे, पण तिची आहे असं ठरवणारी ती लाकडी डबी कोण?

तिच्यामागं मोहल्ल्यानं तिला 'रिकामी पेटी' म्हटलं. एकदा नळावर म्हटलं, तिनं ऐकलं. त्याच वर्षी तिनं कंडक्टरच्या भरतीचा अर्ज भरला आणि रागारागानं पासही झाली.

धाकटा दीर रघु. त्याच्या बायकोची, नमिताची, पेटी भरली. वर्षाच्या आत विश्वजीत झाला. तो मोठा झाला, इंजिनियर झाला, आणि यंदा त्याचं लग्न होऊन यशस्विनी घरात आली. कडकोळला एका कारखान्याच्या लॅबमध्ये पाणी तपासायचं काम करणारी पोरगी. माहेरी कन्नड, त्यामुळं मराठी तोडकं, पण बोलायची हौस दांडगी. वनजाला ती 'दोड्डम्मा' म्हणायची, थोरली आई.

श्रावण लागला तशी नमिता वनजाच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. उंबरा ओलांडला नाही.

"आक्का, तुमच्या बसच्या लास्ट स्टॉपला जाली हाय न्हवं?"

"हाय. मग?"

"न्हाई, आत्याबाई म्हणत होत्या... राणी-स्वार आणायचे होते. इथं मोहल्ल्यात आता जाली कुठली? सगळे अपार्टमेंट. तुम्ही येताना..."

"मी आणू?"

"आणायचं फकस्त. पेटीत मी घालीन. पेटीला तुम्ही हात लावू नका म्हणून आत्याबाई..." नमिताला आपलं वाक्य आपल्यालाच जड झालं. "त्यांचं वय झालंय, आक्का. मनाला लावून घेऊ नका."

"मनाला कशाला लावू? ओझं न्यायला गाढव चालतं, देवळात तेवढं चालत न्हाई. जा, आणते."

नमिता गेली. वनजानं शिट्टी दातांत धरून इतकी चावली की कडेला खाच पडली.

बसचा शेवटचा थांबा म्हणजे कालव्याकाठी एक चहाची टपरी आणि एक जुनी जाली. त्या झाडाखाली गाडी वळते. इतकी वर्षं त्या रूटवर काढून वनजानं त्या झाडाकडं कधी मान वर करून बघितलं नव्हतं. श्रावणात त्यावर पाखरं घोंघावायची, टपरीवरची पोरं त्यांना दोरा बांधून फिरवायची. ती पाठ करून बसायची. आज आज्ञाच होती म्हणून ती झाडाखाली गेली.

आणि बघत राहिली.

खालच्याच फांदीवर एक राणी बसली होती, आणि तिच्या पाठीवर दुसरी राणी. तीच पाचू पाठ, तेच खड्डे, तीच पांढुरकी बुट्टी. वरच्यानं खालचीला घट्ट धरलेलं. ते काय चाललंय हे सरगूरच्या शेतात वाढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. वनजा फांदी वाकवून दुसरीकडं गेली. तिथं तांबूस पाखरं, एकावर एक. मग तिसरी फांदी. मग पलीकडची. काटे मनगटाला ओरबाडत होते. हिरव्यावर हिरवं होतं, तांबसावर तांबूस होतं. एकाच फांदीवर हातभर अंतरानं बसून पाला खात होती, पण एकाही स्वारानं एकाही राणीकडं ढुंकून बघितलेलं नव्हतं.

"वनजक्का!" ड्रायव्हर श्रीनिधी टपरीवरून ओरडला. "काय शोधताय? जालीनं तिकीट काढलं न्हाई काय?"

तिनं आणखी एक फांदी वाकवली.

"टाइम झाला अक्का! पॅसिंजर बोंबलायलेत!"

"बोंबलू दे!"

श्रीनिधी चहाचा ग्लास तसाच घेऊन जवळ आला. या बाईनं गाडी एक मिनिट उशिरा सोडलेली त्यानं कधी बघितली नव्हती. तिचं तोंड बघून त्यानं पुढचा विनोद गिळला.

"ही हिरवी," वनजा म्हणाली, "आणि ही तांबडी. नवरा-बायको म्हणून तुला कुणी सांगितलंय कधी?"

"यांना? सुम्ने, उगंच काय तरी अक्का. ती वेगळी, ही वेगळी. आम्ही लहानपणी शर्यत लावायचो. हिरवं जड, घोंघावतं लई, लांब जात न्हाई..."

"बास."

तिनं हात घातला. शिवल्याबरोबर पाखरं पाय पोटाशी घेऊन टपकन खाली पडली, मेल्याचं सोंग घेऊन. धोका टळेपर्यंत हलायचं नाही, ही त्यांची रीत. वनजानं ती वेचली. घरच्यासाठी सांगितल्याप्रमाणं एक हिरवं, एक तांबूस काडेपेटीत. आणि आपल्या जेवणाच्या डब्यात, भात कालव्यात माशांना टाकून, हिरव्यावरची ती हिरवी जोडी, पाल्यासकट. घरी गेल्यावर झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. डबा कपाटावर ठेवला. भोकं पाडताना हातोडी इतक्या जोरात बसत होती की शंभूराव बाहेरून म्हणाले, "काय पाडतीस का घर?"

रात्रीच्या जेवणाला तिनं सांगितलं. "अवो, ती राणी नि स्वार म्हणून आणतात न्हवं, ती नवरा-बायको न्हवंतच. जातच वेगळी हाय. हिरव्यात नर-मादी दोन्ही हिरवी, तांबड्यात दोन्ही तांबडी. आज मी डोळ्यानं बघितलं."

शंभूरावांनी सारात भात कालवला. "असतील," म्हणाले.

"असतील?"

"मग आता काय करायचं त्याला?" आणि पाय पोटाशी घेतल्यासारखे ते ताटात आत आत वाकत गेले. शिवलं की मेल्याचं सोंग. वनजानं साराचं पातेलं असं आदळलं की भिंतीवर शिंतोडे उडाले. ते अजून आहेत.

दोन दिवसांनी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिनं यशस्विनीला धरलं. पोरगी नवी आहे, हिला तरी सांगावं; आपल्यासारखं हिचं होऊ नये. तिनं सगळं सांगितलं, फांदीवरचं, जोड्यांचं. यशस्विनी चिमटा तोंडात धरून ऐकत होती. चिमटा काढून म्हणाली,

"हो दोड्डम्मा. ते दोन वेगळे स्पीशीज आहेत. म्हणजे... शेळी आणि मेंढी. दिसते सारखं, एका कुरणात चरते, पण पिल्लू होत नाही. मी शाळेत प्रोजेक्ट केलं होतं. शाईन पण वेगळी असते, बघा. हिरव्याला ते खड्डे असते, लाइट तुटते, म्हणून..."

वनजाच्या हातातली चादर तशीच राहिली. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग पेटी घेतलीस कशाला?"

"सुम्ने, दोड्डम्मा! अज्जीला बरं वाटते. आणि फोटो काय क्यूट आला, बघा." तिनं फोन पुढं केला. फोटोत ती नऊवारीत, हातात शिसवी पेटी, डोळे खाली, लाजून.

"आणि रिकामी निघाली तर?"

"निघू दे की. आम्ही तर अजून तीन वर्षं मूल नकोच ठरवलंय." आणि ती हसली. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. नव्हतं म्हणूनच वनजाला ते सहन झालं नाही. ज्या डबीखाली आपण सगळं आयुष्य दडपून गेलो, ती या पोरीच्या हातात नुसती डबी होती. तिला रागवायचं तर कशावरून? तिनं चादर पिळली, पिळलेलीच परत पिळली, दोरीवर फेकली आणि खाली निघून गेली.

"दोड्डम्मा? मी काही चूक बोलले?"

"न्हाई. तू बरोबर बोललीस. आम्ही चुकीच्या साली जन्मलो."

गौरी यायच्या आत डब्यात अंडी पडली. सकाळी पाला बदलायला झाकण काढलं तर तळाला, देठांच्या आड, भाताच्या दाण्याएवढी, पण गोलसर, पिवळट, मेण ओघळून थिजावं तशी. वनजा बघत उभी राहिली. आनंद वगैरे काही झाला नाही तिला. तिनं झाकण लावलं, कोट घातला आणि ड्युटीवर गेली. त्या दिवशी तिच्या बसमध्ये कुणी सुट्ट्यावरून वाद घातला नाही. तोंडाकडं बघूनच नोट बदलून आणत होते लोक.

तिनं मनाशी ठरवलं होतं. गौरीला पेटी उघडेल, रिकामी निघेल. निघणारच. तेव्हा आपला डबा पुढं ठेवायचा आणि बायकांदेखत म्हणायचं, बघा, चुकीची जोडी घालून तुम्ही मला नासवलंत. मग शंभूरावांकडं वळायचं आणि म्हणायचं, आता तरी चला.

गौरी जेवली. सोवळ्याची लगबग संपली. मधल्या खोलीत चटईवर बायका बसल्या, पुरुष दाराच्या चौकटीशी. जयलक्ष्मीबाईंना उठवून पाटावर बसवलं. शहात्तर वय, हात थरथरतात, पण पेटीचा मान दुसऱ्या कुणाला देत नाहीत. यशस्विनी शेजारी, फोन विश्वजीतच्या हातात, उघडण्याचा व्हिडिओ घ्यायला. म्हातारीनं झाकण वर केलं, पाला बोटानं बाजूला सारला आणि गळा फाटेस्तोवर म्हणाली,

"फळली ग! माझी नातसून फळली!"

बायका पुढं सरकल्या. खरंच. तळाला अंडी होती. पांढरी, बारीक, चांगली चिमूटभर.

वनजा मागं भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातातला डबा जड झाला. म्हणजे होतं. हिरव्या-तांबड्याचं होतं. फांदीवर जे बघितलं ते काही का असेना, पेटीत होतं. मग पेटी खरी. आणि पेटी खरी तर... मग मीच. तीस वर्षं जे कुणाला कबूल केलं नाही ते तिनं आता स्वतःशी कबूल केलं असतं.

पण बायकांच्या गर्दीतून कुणीतरी पेटी पुढं केली, "बघा आक्का तुम्ही पण," आणि वनजानं बघितलं. कंडक्टरची नजर. लांबून नोट खोटी आहे ते ओळखणारी. दाण्यांचं एक टोक तुटकं होतं. कडा धारदार होत्या. तांदळाची कणी. घरच्याच तांदळाच्या डब्यातली, रोजच्या सोना मसुरीची.

तिनं आपला डबा चटईवर ठेवला, पेटीच्या शेजारी, आणि झाकण काढलं. दोन्ही हिरवी पाखरं पाल्यावर. खाली पिवळट, गोल, मेणचट अंडी.

जयलक्ष्मीबाई वाकल्या. चष्मा कपाळावर सारला, परत डोळ्यांवर घेतला. एका बोटानं हळूच हात लावला आणि अजाण पोरीसारख्या म्हणाल्या,

"अय्यो! खरी अशी असतात व्हय?"



"खरी अशी म्हणजे?" वनजा म्हणाली. आवाज चढला नव्हता. बसमधल्या कुणीही सांगितलं असतं, हा आवाज चढत नाही तेव्हाच भ्यायचं. "मग ती पेटीतली कसली?"

"आक्का, आज नको," नमिता पुटपुटली. "सणाचा दिवस."

"कुणी टाकली कणी?"

"सुम्ने एक रीत असते, आक्का. आईनं टाकायची असते. पाला बदलायला येते न्हवं आई, तेव्हा. हिच्या आईला आपलं इकडचं काय ठाऊक? म्हणून मी टाकली. माझ्या वेळी माझ्या आईनं टाकली. आत्याबाईंच्या वेळी त्यांच्या आईनं. सगळ्यांचंच... ती पाखरं कुठं घालतात अंडी? कधीच घालत न्हाईत."

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

बायकांतल्या दोघी-तिघी पदर सारखा करायला लागल्या.

वनजा सासूकडं वळली. "आणि माझ्या वेळी?"

म्हातारीचे ओठ हलले. "तुला आई नव्हती ग. मामी येऊन गेली, तिनं टाकली असंल म्हणून मी बघितलंच न्हाई. लोकांम्होरं उघडली तर रिकामी! मग तिथं काय सांगायचं होतं मी? पिढ्यान्‌पिढ्या या घरात कणी टाकून अंडी दाखवतात म्हणून?"

"दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं. मला एकटीला. चुलीपाशी."

"सांगणारच होते. मग राहून गेलं. मग तुला दिवस जाईनात, आणि मला वाटायला लागलं..." म्हातारीनं मान खाली घातली. "वाटायला लागलं की पेटीनंच खरं सांगितलं."

"ज्या पेटीत तुमच्या आईनं तांदूळ टाकला होता, ती पेटी?"

वनजानं चौकटीकडं बघितलं. शंभूराव तिथं उभे होते, मिशीवर हात.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला कुठलं... रघुच्या लग्नानंतर. त्यानं सांगितलं. हसत हसत."

"रघुभावजींचं लग्न म्हणजे आपल्याला अजून होणारं वय होतं. डॉक्टरीण अजून बोलावत होती."

"तोवर झालंच होतं की, वनजा. लोकांना माहीतच होतं..."

"काय माहीत होतं लोकांना?"

शंभूरावांनी पाय पोटाशी घेतले. पण आता चटईवर डबा उघडा होता आणि सगळा मोहल्ला बघत होता. पडून राहायला पालाच नव्हता.

"उद्या सकाळी माझ्यासंगं यायचं," वनजा म्हणाली. "तपासायला."

"आता?" शंभूरावांचा आवाज फुटला. "अठ्ठावन्नाव्या वर्षी? लोक हसतील!"

"मला हसली तेव्हा ऐकलं न्हाई काय तुम्ही? कशी हसतात ते आता कळंल."

"पण आता काय उपेग ग त्याचा?" जयलक्ष्मीबाई रडवेल्या झाल्या. "पोर होणार हाय का आता? झालं गेलं..."

"झालं गेलं तुमचं, आत्याबाई. माझं कधी झालंच न्हाई आणि गेलंबी न्हाई. उपेगासाठी न्हाई चाललेले मी. मला तर काय निघतं तेबी नको हाय. त्यांनी जायचं. एवढंच." मग शंभूरावांकडं बोट करून, पहिल्यांदाच बसमधला आवाज घरात काढून, ती म्हणाली, "आणि न आलात तर उद्यापासून स्टँड ते वरुणा, प्रत्येक स्टॉपला, स्टॉपच्या नावाच्या आधी तुमचं हे सगळं सांगीन. माझा आवाज तुम्हाला ठाऊक हाय. टपावर बसलेल्यालाबी ऐकू जातो."

ते होतं तसंच. कुणी खोटं म्हणालं नाही.

सकाळी ती रजा टाकून तयार झाली. यशस्विनी हेल्मेट घालून दाराशी उभी होती. तिनं रात्रीच फोनमधला तो फोटो काढून टाकला होता, असं ती म्हणाली. "दोड्डम्मा, मला काही माहीत नव्हतं. मी आपलं क्यूट म्हणाले."

"तुझा काय दोष?"

"पेटी आणि डबा द्या. कडकोळला आमच्या गेटपाशी जाली आहे. सोडून देते. हिरवी हिरव्यात, तांबडा तांबड्यात. अंडी मुळापाशी पुरते."

"डबा दे सोडून. ती पेटी..." वनजा थांबली. देवापाशी पेटी होती, झाकण मिटलेली, पुसलेली. म्हातारी तिच्यासमोर बसून होती. "पाखरं घे, पेटी इथंच राहू दे. त्यांची हाय, त्यांनीच बघत बसावं."

शंभूराव तिच्यामागनं चालत आले. लॅब एका गल्लीत होती, तळमजल्यावर. बाकावर गर्दी: गर्भार बाया, साखर तपासायला आलेले म्हातारे, एक तरणं जोडपं एकमेकांकडं न बघता. काउंटरवरच्या पोरीनं शंभूरावांच्या पांढऱ्या मिशांकडं बघून कन्नडात विचारलं, "शुगर का सर? उपाशी आलाय ना?"

शंभूरावांनी वनजाकडं बघितलं. कधी कधी माणूस बघतो तसं: आता तूच सांग, मला वाचव.

तीस वर्षांपूर्वी ती वाचवायला धावली असती.

"शुगर न्हाई," वनजा म्हणाली. बाकाच्या पार टोकापर्यंत ऐकू जाईल असं, स्टॉप सांगावा तसं. "पोर का झालं न्हाई ते तपासायचंय. यांचं."

साखरेवाला एक म्हातारा मान वळवून बघायला लागला. काउंटरची पोरगी एकदा हिच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिली, मग चिठ्ठी फाडली, खालच्या खणातून एक पांढरी प्लास्टिकची डबी काढली, झाकण घट्ट आहे का बघितलं आणि काउंटरवर शंभूरावांपुढं सरकवली. "आतली खोली, सर. डावीकडं."

शंभूरावांनी डबी उचलली. तळहातावर ठेवून उभे राहिले. घोडदळाची मिशी, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात ती एवढीशी डबी. सगळे बघत होते. पाय पोटाशी घेऊन पडायला जागा नव्हती.

वनजा बाकावर जागा करून बसली, पदर खोचला.

"जावा की," म्हणाली. "आणि रिकामी आणू नका म्हणजे झालं."